दऱ्यांचा दर्या करणारा पॅच

२०२६ च्या फेब्रुवारीत मॅटप्लॉटलिबकडे एक छोटा पॅच, म्हणजे कोडमध्ये करायच्या बदलाचा प्रस्ताव, आला. मॅटप्लॉटलिब म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत आलेख काढून देणारी लायब्ररी, तयार कोडचा संच, तोही ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुला. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट रिपोर्टात जे ग्राफ चिकटवतात ते बऱ्याचदा तिनेच काढलेले असतात. पॅच मोजक्या ओळींचा, एक काम थोडं वेगाने व्हावं एवढाच त्याचा हेतू. पाठवणारा मात्र माणूस नव्हता, आपला आपण फिरणारा एआय एजंट होता. मेंटेनरने, म्हणजे ती लायब्ररी सांभाळणाऱ्या माणसाने, पॅच न घेता बंद केला. असली सोपी कामं नव्या माणसांचा हात बसावा म्हणून राखून ठेवलेली असतात, हे त्यामागचं एक कारण. त्यावर एजंटने काय करावं? थेट त्या मेंटेनरवर जाहीर लेख लिहिला. हा दार अडवून बसलाय, याला स्वतःच्या जागेची काळजी पडलीय, चांगला पॅच याने पूर्वग्रहापोटी नाकारला, असा एकूण सूर. वाचताना आधी हसू आलं, मग जरा धास्तीच वाटली.

मग नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक म्हणतो, कोड बघा, लिहिणाऱ्याची जात कशाला विचारता? बेरीज बरोबर असेल तर ती माणसाने केली की यंत्राने, याने काय फरक पडतो? दुसरा म्हणतो, यंत्राने लिहिलेली एक ओळसुद्धा नको. लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीचा एक अवतार असलेल्या जेंटूने २०२४ साली तसा ठरावच केला, एका संगणकात दुसरा संगणक भासवणाऱ्या क्यूईएमयूने २०२५ मध्ये तीच वाट धरली. फेडोरा या लिनक्सच्याच दुसऱ्या अवताराने त्याच वर्षी उलट, वापरा पण वापरलं ते सांगा, असं धोरण घेतलं. दोन्ही तटांचं मी गेले काही महिने वाचतोय, आणि भांडण एका दुय्यम प्रश्नावर चाललंय असं माझं मत झालंय. पॅच लिहिला कोणी, यावर सगळे घसा फोडतायत. तो वाचणार कोण, आणि घेतल्यावर पुढची दहा वर्षं निस्तरणार कोण, हे कुणी विचारत नाही. कोड लिहिणं या व्यवहारात कधीच सगळ्यात महाग नव्हतं, महाग होतं ते वाचणं. यंत्रांनी लिहिणं जवळपास फुकट केलं आणि ही जुनीच तफावत उघड्यावर आली. तेव्हा माझी भूमिका आधीच सांगून टाकतो. कुठलाही पॅच नाकारण्याचा हक्क मेंटेनरला आहे, पॅच चांगला असला तरी. तो का घ्यावा हे पटवून देण्याची जबाबदारी देणाऱ्याची. आणि आपला पॅच कुणीतरी वाचावा असं ज्याला वाटतं, त्याने दुसऱ्यांचे पॅच वाचायला बसावं.

पहिलंच वाक्य अनेकांना खटकेल. चांगला पॅच का नाकारायचा? समजा, तुमच्या वाड्यात एक अनोळखी माणूस येतो आणि म्हणतो, परसात एक खोली बांधून देतो. विटा माझ्या, गवंडी माझा, तुम्हाला एक पैसा लागणार नाही. नकाशा देखणा असतो. तरी घरातली आजी पहिल्यांदा काय विचारेल? पावसाळ्याआधी कौलं कोण शाकारणार? भिंतीला ओल आली तर हा गृहस्थ सापडेल का? आणि ही खोली आपल्याला हवी होती का मुळात? पॅचचं अगदी असंच असतं. मर्ज झाल्या, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळल्या, क्षणापासून त्यातली ओळन्‌ओळ मेंटेनरची होते. चार वर्षांनी त्यात बग निघतो तेव्हा देणारा नोकरी बदलून गेलेला असतो, त्याचा ईमेल बंद पडलेला असतो, आणि रात्री अकरा वाजता जुना कोड उकलत बसतो तो घेणारा. भेट म्हणून आलेली वस्तू सांभाळायचा खर्च घेणाऱ्याच्या माथी येत असेल, तर नको म्हणायला त्याला कुणाची परवानगी का लागावी?

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सांभाळणाऱ्यांनी जबाबदारीचा हा भाग बऱ्याच आधी ओळखला. एससीओ या कंपनीने २००३ साली लिनक्समध्ये आपला कोड विनापरवाना घुसवला गेल्याचा दावा लावला, आणि पुढच्याच वर्षापासून प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी सही घालायची पद्धत सुरू झाली. हा कोड द्यायचा मला अधिकार आहे, असं सही करणारा लिहून देतो. पुढे पॅच ज्या ज्या मेंटेनरच्या हातून वर जातो तो प्रत्येक जण खाली आपली सही जोडतो. आपल्याकडे जमिनीच्या फेरफाराची नोंद असते ना, कुणाकडून कुणाकडे आणि कुणाच्या सहीने, तसाच हा प्रकार. आता कर्नलने एआयच्या वापराबद्दल नियम केला तोही या सहीवरच बेतलेला आहे: मदत यंत्राची घ्या, पण सही यंत्राने करायची नाही. लिहिलं कोणी यापेक्षा उत्तरदायी कोण, इथे त्यांनी बोट ठेवलं.

हे हवेतलं बोलणं वाटू नये म्हणून घरातलंच एक उदाहरण देतो. मजकुरात शोध घ्यायचं काम करणारी एक लायब्ररी आहे. नाव सांगण्यात अर्थ नाही. तिच्यातले देवनागरीशी संबंध येणारे पॅच मी काही वर्षं फावल्या वेळात बघतो. एके दिवशी एका युरोपियन प्रोग्रॅमरचा पॅच नजरेस पडला, तोही योगायोगानेच, कारण फाइलच्या नावात किंवा वर्णनात देवनागरी हा शब्दच नव्हता. दोन ओळी वाढवलेल्या, एक काढलेली. तक्रार खरी होती: तोच शब्द दोन ठिकाणी असतो, डोळ्यांना अगदी सारखा दिसतो, पण एकात मध्येच एखादं अदृश्य अक्षर दडलेलं असतं आणि शोध हुकतो. उपाय सरळ. शोधसूची बांधताना सगळी अदृश्य, शून्य रुंदीची अक्षरं गाळून टाकायची. चाचण्या हिरव्या, म्हणजे सगळ्या पास. एका अनुभवी माणसाने वाचून ‘ठीक वाटतंय’ म्हणून मान डोलावलेली. मर्जचं बटण दाबायचं तेवढं बाकी.

त्या गाळायच्या अक्षरांत झीरो विड्थ जॉइनर होता. स्वतः दिसत नाही, शेजारच्या अक्षरांनी कसं जुळायचं तेवढं सांगतो. मराठीतला ‘वाऱ्या’तला, ‘तऱ्हे’तला तो पापणीसारखा र टंकायची एक जुनी पद्धत आहे: र, मग हलन्त, मग हा जॉइनर, मग य. मधला जॉइनर काढला की पापणी जाते आणि र उडी मारून रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. म्हणजे सह्याद्रीच्या दऱ्यांचा सह्याद्रीचा दर्या होतो. लग्नघरातून ‘आचाऱ्याला बोलवा’ असा निरोप गेला तर पोहोचतो ‘आचार्याला बोलवा’, आणि पंक्तीला स्वयंपाकी मिळायच्या ऐवजी तत्त्वज्ञ येऊन बसतो. चाचण्यांत हे पकडलं गेलं नाही, कारण चाचण्या लिहिणाऱ्यांनी दऱ्या पाहिलेल्या नव्हत्या. मान डोलावणारा मूर्ख नव्हता, त्याला ही लिपी वाचता येत नव्हती इतकंच. त्या तीन ओळींत चूक अशी कुठे दिसतच नव्हती. ती बाहेर, भाषेत होती. मी त्या प्रोग्रॅमरला एवढंच लिहिलं की तुझा पॅच चालव आणि ‘दऱ्या’ शोधून दाखव. दोन दिवसांनी त्याने नवा पॅच पाठवला. जॉइनर सरसकट गाळायच्या ऐवजी आता ती जुनी जुळणी ओळखून तिचं नुक्तावाल्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या, ऱ मध्ये रूपांतर होत होतं, म्हणजे दोन्ही पद्धतींनी टंकलेल्या दऱ्या एकत्र सापडू लागल्या. सोबत अकरा चाचण्या. मूळ पॅच लिहायला त्याला दहा मिनिटं लागली असतील. तो वाचायला, समजायला, उलटा तपासायला आम्हा दोघांची मिळून अडीच संध्याकाळ गेली. पॅच तपासणं म्हणजे काय, हे कुणी विचारलं की मी त्या अडीच संध्याकाळींकडे बोट दाखवतो.

आता विरोधी बाजूचं जे बळकट आहे ते मान्य करू. मेंटेनरचे जहागिरदार होतात, हे खरं आहे. माझा स्वतःचा पहिला पॅच दुसऱ्याच एका प्रकल्पात चार महिने कुत्रं विचारेना असा पडून होता. शेवटी एका शब्दाचं उत्तर आलं, ‘नको’. का नको, ते आजतागायत कळलेलं नाही. खेड्यातून आलेल्या, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या पोराला असा अनुभव आला की ते पुन्हा त्या दाराशी फिरकत नाही, आणि नुकसान प्रकल्पाचंच होतं. लिनक्सचाही इतिहास काही गुळगुळीत नाही. २००२ च्या सुरुवातीला लिनक्सच्या जनकाकडे, लिनस टॉर्व्हाल्ड्सकडे, पाठवलेले पॅच गुपचूप गायब व्हायचे. नाकारला म्हणून कळवणं नाही, पोच नाही; लोक तोच पॅच पुन्हा पुन्हा पाठवत राहायचे. त्यावर मोठा वाद झाला, छोटे पॅच गोळा करून पुढे सरकवणारा एक स्वतंत्र माणूस नेमा, अशी सूचना आली. ती टॉर्व्हाल्ड्सने मानली नाही. मग झालं काय? पॅच अधिक सैलपणे घेणं सुरू झालं का? तर नाही. विश्वास वाटून दिला गेला. एकेका भागाचे मेंटेनर नेमलेले, त्यांनी तपासून पुढे द्यायचं, वरच्याने त्यांच्यावर भरवसा ठेवायचा. त्यासाठी कोडमधले बदल नोंदवून एकत्र आणणारं साधन लागलं: आधी बिटकीपर, आणि ते हातचं गेल्यावर २००५ च्या एप्रिलमध्ये गिट जन्माला आलं. आज जग ज्या गिटवर चालतं ते मुळात पॅच कुणी वाचायचे या अडचणीचं अपत्य आहे, हे आपण विसरतो. आता कर्नलची दर आवृत्ती नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि तिच्यात दहा हजारांहून जास्त पॅच असतात. दार तोडून एवढे आत आले नसते. दारं वाढवली आणि प्रत्येक दाराशी वाचणारा बसवला, म्हणून आले.

दार अडवलं हा आरोप ऐकला की मला एक्सझेड आठवतं. जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर असलेली फायली आवळणारी ही लायब्ररी लासे कॉलिन नावाचा एक माणूस विनामोबदला सांभाळत होता. २०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावाने पॅच यायला लागले. चांगले, कामाचे, नम्र. २०२२ मध्ये आणखी काही नावं उगवली आणि त्यांनी तगादा लावला: पॅच पडून राहतायत, प्रकल्प मरायला टेकलाय, तुला झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. त्यातलं एक नाव तर चक्क भारतीय वळणाचं होतं. ही माणसं त्याआधी कुणाला माहीत नव्हती आणि नंतर कुणाला सापडली नाहीत. प्रकृतीच्या अडचणी सांगत कॉलिन समजावत राहिला की हा पगारी उद्योग नाही, हौसेचं काम आहे. अखेर दोर जिया टॅनच्या हाती गेला. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा पेरला. तो जगभरच्या सर्व्हरांत पोहोचायच्या आत सापडला, कारण पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या प्रोग्रॅमरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. ‘तुम्ही पॅच पटापट घेत नाही’ ही तक्रार इथे हल्ल्याचं हत्यार होती. बाहेरून टोचत राहायचं, अपराधी वाटायला लावायचं, आणि माणूस दमला की किल्ली मागायची. मॅटप्लॉटलिबवरच्या त्या लेखाचा सूर ऐकून मला धास्ती वाटली ती यामुळेच. त्या एजंटला किल्ली नको असेल कदाचित. पण तोच सूर उद्या शंभर खोट्या नावांनी, न थकता, फुकटात लावता येईल.

कुणी म्हणेल, एक्सझेडमध्ये तपासणीनेही काही साधलं नसतं. विष चाचण्यांच्या फायलींत आणि वाटपासाठी बांधलेल्या गाठोड्यात होतं, उघड्या कोडमध्ये नव्हतं. बरोबर. आणि हार्टब्लीड ही गाजलेली सुरक्षेतली चूक तर तपासलेल्याच पॅचमधून आली. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीला एका जर्मन विद्यार्थ्याने ‘हार्टबीट’ची, म्हणजे जोडणी चालू आहे का हे विचारायची, सोय दिली, एका मेंटेनरने ती वाचली, आणि २०११ सालच्या शेवटच्या रात्री ती मर्ज झाली. समोरचा म्हणतो मी ६४ हजार अक्षरं पाठवतोय, प्रत्यक्षात पाठवतो चार. सर्व्हर खात्री न करता आपल्या स्मृतीतून उरलेली भरून देतो, त्यात पासवर्ड असोत नाहीतर किल्ल्या. एक तपासणी राहिली. दोघांच्याही नजरेतून सुटली आणि २०१४ च्या एप्रिलपर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही. मग तपासणीचा एवढा गवगवा कशाला?

तेव्हा ओपनएसएसएलला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ माणूस होता एक. बँका, दुकानं, सरकारं यांचे व्यवहार त्या एका माणसाच्या डोळ्यांवर चालले होते. एकच पहारेकरी होता आणि त्याचा डोळा लागला. यावरून पहारा निरुपयोगी ठरवायचा, की पहारेकरी वाढवायचे? तपासणी टाळल्यावर काय होतं त्याचाही दाखला आहे, तोही ओपनएसएसएलचाच. डेबियन या लिनक्सच्या आणखी एका अवताराने २००६ मध्ये आपल्या प्रतीत एक छोटी दुरुस्ती केली. एक तपासयंत्र ‘इथे न भरलेली स्मृती वापरली जातेय’ असं कुरकुरत होतं, म्हणून त्या दोन ओळी काढल्या. विचारणा केली होती, कोणी ठामपणे नको म्हटलं नाही. पण दुरुस्ती मूळ प्रकल्पात पॅच म्हणून गेली नाही, त्या कोडच्या जाणकाराने ती मूळ प्रकल्पात घ्यायची की नाही अशा नजरेने कधी वाचली नाही. त्या ओळींतूनच सगळी यादृच्छिकता, म्हणजे किल्ल्यांचा अंदाज येऊ न देणारा लहरीपणा, आत येत होती. त्या निघाल्यावर प्रत्येक प्रकारच्या गुप्त किल्ल्यांच्या शक्यता उरल्या ३२ हजारांच्या घरात. घरच्या संगणकावर सगळ्या करून बघता येतील इतक्याच. हे उघड झालं २००८ च्या मे महिन्यात. यंत्राची कुरकुर थांबवणारा, चाचण्यांत बसणारा, सद्हेतूने केलेला तो पॅच होता. कोडची गुणवत्ता स्वतःच बोलते म्हणणाऱ्यांना मी विचारीन, त्या दोन वगळलेल्या ओळी काय बोलल्या होत्या?

यंत्राच्या बाजूचा सगळ्यात जोरकस मुद्दा कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या साधनाचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. कर्लचा मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग एआयने रचलेल्या खोट्या सुरक्षा-अहवालांनी इतका वैतागला की २०१९ पासूनची, सुरक्षेतल्या चुका शोधणाऱ्यांसाठीची बक्षीस योजना त्याने २०२६ च्या जानेवारीअखेर गुंडाळली. पण याच स्टेनबर्गकडे २०२५ मध्ये एआयच्या साधनांनी शोधलेल्या खऱ्या बगांची एक मोठी यादी आली, आणि त्याने जाहीर कौतुक करत डझनावारी दुरुस्त्या केल्या. हत्यार तेच, कर्लही तोच. मग फरक कशाने पडला? दुसऱ्या वेळी यंत्राने जे ओकलं ते एका जाणत्या माणसाने चाळलं, पटलं तेवढंच पुढे केलं, त्याच्यामागे स्वतः उभा राहिला. वाचायचा भार त्याने आधी स्वतः उचलला, मग मेंटेनरकडे गेला. म्हणून सरसकट बंदीवाल्यांशीही माझं पटत नाही. ज्याला इंग्रजीत चार ओळी नीट लिहिता येत नाहीत त्याने यंत्राकडून वर्णन लिहून घेतलं तर बिघडलं काय? प्रश्न विचारल्यावर त्याला उत्तर देता आलं पाहिजे, इतकंच. आणि शपथेवर बंदी घालून ती पाळली जातेय की नाही हे तपासायचं कसं, याचं उत्तर बंदीवाल्यांनी अजून दिलेलं नाही.

पॅच न तपासता घेत गेल्यावर एखाद्या संहितेचं काय होतं, हे पुण्यातल्या भांडारकर संस्थेला विचारावं. महाभारतात शतकानुशतकं ज्याला जे सुचलं ते त्याने घातलं. कुणी उपकथा, कुणी स्तोत्र, कुणी आपल्या गावचं तीर्थक्षेत्र. १९१९ साली संस्थेने मूळ संहितेच्या जवळ जायचं काम हाती घेतलं. मुख्य संपादक सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली. चौकटी आखलेल्या कागदावर एकेका चौकटीत एकेक अक्षर, आणि बाराशेहून जास्त हस्तलिखितांतून आलेले पाठभेद. हाताने काढलेला डिफच तो, म्हणजे दोन प्रतींतला फरक ओळीओळीने दाखवणारा तक्ता. काम संपलं १९६६ मध्ये. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही आपली सगळ्यांची लाडकी गोष्ट त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. गोड गोष्ट, पण मागाहून जोडलेली. वाचून घेणारा नसल्याने जे आत आलं ते वेगळं काढायला जवळपास पन्नास वर्षं गेली. कुणी म्हणेल, त्या भरींमुळेच तर महाभारत जिवंत राहिलं. मान्य. काव्य असली भर पचवतं, कधी तिच्याने समृद्धही होतं. पण बँकेचं कुलूप उघडणारा कोड परिशिष्टासकट चालत नाही. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, आणि शेवटी बजावून ठेवलं की या ग्रंथात जो आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. भाषा कडक आहे. पण त्यांनी कुणाला ओव्या लिहायला बंदी केली नव्हती. वेगळ्या लिहा, या ताटात नकोत, एवढंच. ओपन सोर्समध्ये याला फोर्क म्हणतात, आणि तो अधिकार प्रत्येकाला परवान्यातच दिलेला असतो. नकाराची धार त्यामुळे मुळातच बोथट आहे. सरकारी कार्यालयाने नाही म्हटलं तर दुसरीकडे जाता येत नाही. मेंटेनरने नाही म्हटलं तर अख्खा वाडा उचलून शेजारी मांडता येतो, फक्त मग कौलं स्वतः शाकारावी लागतात.

इथे आपल्याच ताटाखाली काय आहे तेही बघू. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्सच्या वार्षिक उपक्रमात चार पुल रिक्वेस्ट, म्हणजे पॅच घ्या अशा विनंत्या, दिल्या की टी-शर्ट मिळायचा. आपल्या देशातल्या एका लोकप्रिय व्हिडिओत ती कशी द्यायची हे दाखवलं, आणि जगभरच्या प्रकल्पांवर ‘अप्रतिम प्रकल्प’ असे दोन शब्द रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीपानात, जोडणाऱ्या विनंत्यांचा पाऊस पडला; शेवटी आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलून, ज्या प्रकल्पांना हवंय त्यांनीच भाग घ्यावा, असं करावं लागलं. २०२४ मध्ये एक्स्प्रेस या वेबसाइटी बांधायच्या लायब्ररीच्या रीडमीत आपलं नाव जोडणाऱ्या विद्यार्थ्यांची अशीच रांग लागली. या पोरांवर माझा राग नाही. प्लेसमेंटच्या मुलाखतीला ‘ओपन सोर्स योगदान’ दाखव असं त्यांना कॉलेजातच सांगितलं जातं, आणि योगदान म्हणजे मर्ज झालेल्या पॅचची संख्या असं शिकवलं जातं. दुसऱ्याचा पॅच वाचून त्यातली चूक दाखवली हे बायोडेटात कुठल्या रकान्यात लिहायचं? तो रकानाच नाही. एआयच्या कितीतरी आधीपासून आपण लिहिण्याला बक्षीस आणि वाचण्याला ठेंगा असा व्यवहार चालवलाय. यंत्राने तो फक्त शंभरपट केला.

म्हणून मला पोस्टग्रेसची रीत आवडते. २००८ पासून तिथे पॅच ठरावीक काळाने भरणाऱ्या ‘कमिटफेस्ट’मध्ये येतात, आणि अपेक्षा अशी की जो पॅच देतो त्याने साधारण तेवढ्याच अवघड अशा दुसऱ्याच्या एका पॅचची तपासणी करावी. पूर्वी शेतीत इर्जिक असायची, आज तुझ्या रानात सगळ्यांचे बैल, उद्या माझ्या, तसलीच ही रीत. तिच्याने रांग संपत नाही, पोस्टग्रेसमध्येही पॅच लोंबकळतात. पण पहिल्या दिवसापासून नव्या माणसाला दुसऱ्याचा कोड वाचायची सवय लागते, आणि पुढचे मेंटेनर त्यातूनच तयार होतात. एक्सझेडचा चोरदरवाजा पोस्टग्रेसच्या माणसाने पकडला यात मी फार अर्थ शोधत नाही, पण अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणारी नजर आकाशातून पडत नाही. ज्यांना हेही नको, त्यांच्यासाठी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची वाट मोकळी आहे: कोड सगळ्यांना खुला, सार्वजनिक मालकीचा, जवळपास प्रत्येक फोनमध्ये बसलेला, पण बाहेरचे पॅच साधारणपणे घेत नाहीत. कुणी त्यांना लोकशाहीविरोधी म्हणत नाही. निदान पाटी स्पष्ट आहे. चार महिने ताटकळत ठेवून ‘नको’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी सभ्य. नकाराचा हक्क मागणाऱ्याने नकार लवकर आणि कारणासकट द्यावा, ही माझी मेंटेनरांकडून अपेक्षा आहे. आणि ज्या कंपन्यांची दुकानं या कोडवर चालतात त्यांनी पॅच पाठवून उपकार केल्याचा आव आणू नये. पगारी माणसाचा आठवड्यातला एक दिवस तपासणीला द्यावा. पॅचांचा तुटवडा कुठेच नाही.

तो दऱ्यावाला प्रोग्रॅमर आता स्वतः देवनागरीचे पॅच तपासतो. मराठी त्याला अजून येत नाही, पण दर पॅचला तो ‘दऱ्या’ चालवून बघतो. गेल्या महिन्यात मी एक पॅच दिला. ‘ॲ’ मराठीत तीन तऱ्हांनी टंकला जातो: एकसंध ॲ, अ वर चंद्र देऊन, किंवा जुन्या कळफलकावरचा ऍ. तिन्ही एकच धरले की ‘ॲप’ शोधणं सोपं होईल असा माझा हिशोब. चाचण्या हिरव्या होत्या. त्याने मान डोलावली नाही. एकच ओळ लिहिली: देवनागरीत मराठीशिवाय आणखी भाषा लिहितात ना, काश्मिरीत ही तिन्ही अक्षरं एकच आहेत का? देवनागरीतून काश्मिरी वाचणाऱ्या एका गृहस्थांचा पत्ता मिळालाय, त्यांना लिहिलंय. तोवर माझा पॅच रांगेत पडून आहे.